तुमच्या शोकसभेत काय झालं ते ऐका, अक्का

शरणाक्का, कालची तुमची शोकसभा एकदम झकास झाली. शोकसभेला झकास म्हणू नये हे मला कळतं. सकाळी टपरीवर चहा पिताना हेच बोललो तर शेजारचा माणूस कप हातात धरून माझ्याकडं बघतच राहिला. पण दुसरा शब्द मला सापडत नाही. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं दोनदा ऐकून घेतलं आणि तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा म्हणाली, "आता ज्यांची सभा होती त्यांनाच सांगा." म्हणून बसलोय लिहायला.

मी गुंडू मंडपवाला. मुरुममध्ये लग्न असो, बारसं असो, नाहीतर पुढाऱ्याचा वाढदिवस, स्टेज माझं, खुर्च्या माझ्या, माईक माझा. आणि तुम्ही म्हणजे बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत शिवणक्लास चालवणाऱ्या अक्का, ज्यांना यातलं काहीच नको असायचं. तुमच्यासारखं गिऱ्हाईक मला जन्मात भेटलं नाही. पहिल्यांदा दुकानात आलात तेव्हा विचारलंत, "गुंडू, काय काय हाय रं तुझ्याकडं?" मी हौसेनं झालरीपासून झुंबरापर्यंत सगळं सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "लई झकास. ह्यातली सतरंजी तेवढी दे."

तेव्हा तुमचा क्लास ओस पडायला लागला होता. रेडिमेड कपड्यांपुढं शिकायला कोण येणार? पण तुमच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. तुम्ही मला सांगितलंत की इतक्या वर्षांत क्लासला आलेल्या बायांची जी मैत्री जमली तशी कुठल्या हळदीकुंकवाला जमलेली तुम्ही पाहिली नाही. का जमली, तर प्रत्येकीच्या हातात काहीतरी अर्धवट असायचं. कुणाचा गळा चुकलेला, कुणाची बाही उरलेली. मग शेजारणीला विचारावंच लागायचं. "पुरं शिवल्यालं घेऊन क्लासला कोण येतंय का? पुरं घेऊन आली की बाई नुसती दाखवत बसती. अर्धं घेऊन आली की बोलती." आणि याच एका गोष्टीवर तुम्ही गावाची बैठक सुरू केलीत. बाया, बापे, कुणीही यावं. येताना आपलं एक अर्धं राहिलेलं काम घेऊन यावं. बिघडलेलं, अडलेलं, सुचत नसलेलं, काहीही. पूर्ण झालेलं काही आणायचं नाही, सत्काराची शाल तर मुळीच नाही. गावानं नाव ठेवलंच, अर्धवटांची बैठक. तुम्हाला ते इतकं आवडलं की तुम्ही स्वतःच तसं म्हणायला लागलात.

पहिल्या बैठकीला मी माझ्या अकलेनं एक लाल सोफा आणून पुढं ठेवला. कार्यक्रम म्हटला की पाहुण्यांना सोफा लागतो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. तुम्ही आलात, सोफ्याकडं पाहिलंत, दाराजवळ चपलांचा ढीग पाहिलात. "बरं झालं आणलास. चपला ठेवायला जागाच नव्हती." आणि खरंच चपला काढून त्या मखमलीवर ठेवल्यात. रात्री मी ती मखमल ब्रशनं झाडत बसलो. पण मी सोफा आणायचा सोडला नाही आणि तुम्ही त्यावर चपला ठेवायच्या सोडल्या नाहीत. पुढं पुढं तर ते वळणच पडलं. माणसं यायची, सोफ्यावर चपला ठेवायची, सतरंजीवर गोल बसायची. नवीन माणूस सोफ्यावर बसायला गेला तर बायाच ओरडायच्या, "अवो, चपलांवर बसताव का?"

गोल बसवण्यात काही कला नाही, असं तुम्ही म्हणायचात. कुणाशेजारी कोण, हे खरं काम. दारात उभ्या राहून "बर्री, कुंद्री", या, बसा, असं कानडीत स्वागत करायचात आणि हात धरून ज्याला त्याला जागेवर नेऊन बसवायचात. नवराबायको शेजारी नाहीत. भावकीतले शेजारी नाहीत. ज्यांची रोजची ओळख आहे ते तर नाहीतच. मी एकदा म्हटलं, "अक्का, लोक अवघडतात." तुम्ही म्हणालात, "अवघडू दे की. वळखीच्या माणसाला आपण कालचंच सांगतो."

रेहानाभाभी आणि हणमंत आठवतात ना? आठवतात ना काय विचारतो मी, त्यांची जोडी तुम्हीच लावलीत. भाभी तेरखेड्याच्या. जन्म गेला फटाक्याच्या कागदी नळ्या वळण्यात. लेक मुरुमला दिलेली, म्हणून इथं येऊन जाऊन. आणि हणमंत सास्तूरचा रोपवाटिकावाला. तो एक फाटकी प्लास्टिकची पिशवी घेऊन आला होता. पिशवी फाडताना रोपाची मुळं तुटतात, हे त्याचं अर्धं. भाभींनी पुढ्यातला जुना पेपर ओढला, लाटण्याएवढ्या काठीवर गुंडाळला, बोटानं खालचं तोंड दुमडलं आणि नळी त्याच्या हातात ठेवली. "इसमें माती भरो भाई. नळी के साथ लगा डालो जमीन में." हणमंत ती नळी उलटसुलट करून बघत राहिला. मग त्यानं खिशातलं बी काढलं. बैठक संपली तरी ते दोघं उठेनात. आज त्याच्या रोपवाटिकेत सीताफळाची रोपं कागदी नळ्यांत उभी आहेत आणि नळ्या वळायला सास्तूरच्या बाया बसतात. शेतीचा पदवीधर नव्हता की कागदाचा कारखाना नव्हता. तुम्ही दोन माणसं शेजारी बसवलीत, बस्स.

त्याच हणमंतानं एकदा सांगितलं होतं की भूकंपानंतर त्यांच्या नव्या गावात घरं सरळ ओळीत झाली, पण जुना शेजारी कुठल्या ओळीत गेला ते हुडकण्यात बापाची लई वर्सं गेली. तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, "ऐकलास का गुंडू? खुर्च्या ओळीत मांडतोस तवा ध्यानात ठेव." भर बैठकीत माझ्या धंद्यावर घाव. मी हसण्यावारी नेलं, पण त्यानंतर खुर्च्यांच्या ओळी लावताना मला दर वेळी तुमचा आवाज ऐकू आला. अजून येतो.

माझं स्वतःचं अर्धं म्हणजे टेकणी. म्हाताऱ्यांना सतरंजीवर पाठ टेकायला काही नसायचं, म्हणून मी बांबूच्या काड्या आणि मंडपाचं जुनं कापड घेऊन काहीतरी जुळवत होतो. जमत नव्हतं, काड्या घसरायच्या. लाजत लाजत बैठकीत काढलं. तुमची जुनी शिष्या महादेवी, जी आता घरीच ब्लाऊज शिवते, तिनं कापडाला दोन खोळी शिवून दिल्या आणि काम झालं. अक्का, माझ्या मंडपात हजारो माणसं बसली असतील. मंडपवाल्याला लोक जेवलास का विचारतात, बस कुणी म्हणत नाही. सतरंजीवर माझ्यासाठी जागा राखणारं माणूस म्हणजे तुम्ही. हे तुम्हाला कधी तोंडावर बोललो नाही. आपल्यात बोलणं म्हणजे भांडणच जास्त.

भांडण माईकचं. तुम्ही म्हणायचात, "हातात माईक आला की माणूस खरं बोलायचं थांबतंय." मी म्हणायचो, ज्याला कमी ऐकू येतं त्यानं काय करायचं? ज्या बाईचा आवाज बारीक आहे तिनं काय करायचं? तुमचा आवाज खणखणीत, म्हणून तुम्हाला माईकचा राग. यावर तुम्ही खरंच चिडला होतात. येळवसच्या बैठकीत तर आपण आंबिलीचे पेले हातात घेऊन भांडलो. दर येळवसला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, तुम्ही बैठक रानात न्यायचात. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून भज्जी-भाकरी वाढायची रीत आहे, मग बैठकीनं ती वर्षभर का पाळू नये, हे तुमचं म्हणणं. ते मला मान्य. पण त्या रानात वारं इतकं होतं की मागच्यांना काही ऐकू येत नव्हतं आणि मी म्हटलं, "बघा." तुम्ही म्हणालात, "बघू." त्या 'बघू'वर ते भांडण अजून तसंच आहे. मी ते सोडलेलं नाही, तुम्ही गेलात म्हणून मी हरलो असं समजू नका.

आजारपणात तुम्ही फार काही बोलत नव्हतात. एकदा भेटायला आलो तेव्हा एवढंच म्हणालात, "गुंडू, माझ्या मागं बैठक चालली न्हाय तर म्या माणसं जमिवली न्हायत, माझ्याभवती गर्दी केली एवढंच." मी म्हटलं, असं काय बोलताव. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. त्या वाक्यानं मला घरापर्यंत सोडलं नाही. कारण खरं सांगू का, मलाही तीच भीती होती. दारात उभं राहून हात धरणारं माणूसच गेलं की कोण कुणाशेजारी बसणार? तुम्ही गेल्यावर बाजारात जो भेटला तो हेच म्हणाला, अक्का गेल्या, आता बैठक संपली. जणू दुकानाचं शटर ओढलं.

तेवढ्यात विरूपाक्षअण्णा दुकानात आले. तुमचे धाकटे बंधू, आडतीचे मालक, तुमच्या बैठकीला एकदाही न आलेले. म्हणाले, "गुंडू, मोठं स्टेज पायजे. फोटो, हार, पुढं सोफा. पुढारी येणार हायत, भाषणं व्हतील." मी म्हटलं, "अण्णा, अक्कांना ह्ये चाललं नसतं." ते दुकानातल्या खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "माझ्या भणीनं हयातभर दुसऱ्याला बसवलं. आज तरी तिला वर बसू दे की." अक्का, मी वहीत स्टेज लिहून घेतलं. त्यांचंही खोटं नव्हतं. माणूस रडवेला झाला होता आणि त्यांच्या मते मान देण्याची तीच एक रीत होती.

म्हणून स्टेज बांधलं. चांगलं बांधलं, कसर ठेवली नाही. तुमचा फोटो मधोमध, मोगऱ्याचा हार. खुर्च्या ओळीत. लाल सोफा पुढं, पुढाऱ्यांसाठी. फक्त सोफ्याच्या आणि खुर्च्यांच्या मध्ये मी भलीमोठी जागा सोडली, तिथं सतरंज्या टाकल्या आणि कडेनं टेकणी लावली. अण्णांनी विचारलं, "ह्ये कशाला?" मी म्हटलं, "लहान पोरं बसतील." अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं की त्यांना कळलं असावं. पण ते गेले पाहुण्यांना आणायला.

पहिल्या आल्या रेहानाभाभी. काखेत गाठोडं. आत आल्या, स्टेजकडं बघून पदर डोळ्याला लावला आणि मग सवयीनं, अगदी निव्वळ सवयीनं, चपला काढून सोफ्यावर ठेवल्या. मागून हणमंत आला. त्यानंही तेच केलं. महादेवी आली, तिच्या गल्लीतल्या बाया आल्या, सास्तूरचे आले. एकानंही थट्टेत केलं नाही, एकानंही विचार केला नाही. सोफा दिसला की चपला ठेवायच्या, एवढंच त्यांना ठाऊक. बघता बघता सोफा भरला, चपला त्याच्या हातांवर चढल्या, पाठीवर चढल्या. आणि एवढी दोनशेभर खुर्च्यांची रांग सोडून सगळे सतरंजीवर गोल बसले. मी माईकपाशी उभा राहून हसू दाबत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, दोन्ही एकदमच.

तेवढ्यात अण्णा पुढाऱ्यांना घेऊन आले. सोफा बघून अण्णांचा चेहरा त्या सोफ्यासारखाच लाल झाला. "गुंडू, ह्ये काय हाय?" मी चपला उचलायला धावलो. पण ते पुढारी, मोठे भारदस्त गृहस्थ, गुडघेदुखीनं त्रासलेले, त्यांनी एकदा सोफ्याकडं पाहिलं, एकदा सतरंजीकडं. मग वाकून आपली वहाण काढली आणि ढिगाच्या वर ठेवली. "मी कुठं बसू?"

अक्का, इतक्या वर्षांत कुठल्या पुढाऱ्यानं मला हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांची जागा त्यांना आधीच ठाऊक असते. माझा हात पुढं झाला. मी म्हटलं, "बर्री." त्यांचा हात धरला आणि नेऊन रेहानाभाभींच्या शेजारी बसवलं, पाठीला टेकणं दिलं. भाभींनी काही न विचारता त्यांच्या हातात पेपरचा एक कागद दिला. ते नळी वळायला लागले. वाकडी झाली. भाभी म्हणाल्या, "ढिल्ला नको साहेब, कस के." आणि साहेबांनी कसून धरली.

अण्णा मात्र स्टेजवर गेले. माईक हातात घेतला आणि सुरू केलं, "आदरणीय व्यासपीठ..." मग डावीउजवीकडं पाहिलं. व्यासपीठावर तुमच्या फोटोशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी माईक खाली ठेवला, स्टेजच्या मागं जाऊन एक कापडी पिशवी आणली आणि खाली उतरले. सतरंजीवर मला जागा करावी लागली नाही, आपोआप झाली. महादेवीशेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी काय ना काय अर्धं आणल्यालं असंल. मला दुसरं काय सापडलं न्हाय." ऐकू येईना म्हणून सगळे पुढं सरकले. हा एक मुद्दा तुमचा, मान्य. पण मोठ्या सभेला माईक लागतोच.

पिशवीत सदरा होता. तुमच्या मशीनवर राहिलेला, अण्णांसाठी शिवत असलेला. एक बाही लावलेली, दुसरी सुटी. महादेवीनं तो मांडीवर घेतला आणि नुसता हात फिरवत राहिली. "ह्यो अक्काचा हात हाय. म्या टाका घालणार न्हाय." मला वाटलं, झालं, आता रडारड होणार आणि सभा संपणार. तेव्हा रेहानाभाभी म्हणाल्या, "अक्का ने पेनने के वास्ते सिलाई की बेटा. पेटी में रखने के वास्ते नै."

महादेवीनं सुई काढली. बाही जोडायला घेतली आणि बाही बसते ती गोलाई, मुंढा, बघून थबकली. "अण्णा, अक्कानं तुमचा मुंढा लई खोल कापलाय. येवढा कशाला?" अण्णांनी खाली बघितलं. म्हणाले, उजवा खांदा वर होत नाही, कित्येक दिवस झाले. कुणाला सांगितलं नाही. आडतीवर बसून माल बघायचा तर मालकाचा हात वर होत नाही हे दिसायला नको. सदरा घालताना जीव जातो. "तिलाबी सांगितलं नव्हतं. तिनं कवा बघितलं कुणास ठाऊक."

यानंतर जे झालं ते सांगायलाच मी बसलोय. पुढारी म्हणाले, "माझ्या आईचं हेच आहे, ब्लाऊज घालायला दोघी लागतात." हणमंत म्हणाला, "अण्णा, तुमच्या आडतीवरल्या हमालांना इचारा, पोती उचलून निम्म्यांचे खांदे गेल्यात." महादेवी म्हणाली, मग मुंढा खोल कापून भागणार नाही, बगलेतूनच उघडायला हवं. कुणी म्हणालं गुंड्या, कुणी म्हणालं गुंड्या एका हातानं लागत नाहीत, नाडी लावा. अण्णा उठून उभे राहिले, सदरा अंगावर धरून दाखवायला लागले की हात कुठं अडतो. एवढा मानी माणूस सगळ्यांसमोर दुखरा खांदा हलवून दाखवत होता आणि बाया त्याच्या बगलेत टाचण्या लावत होत्या. पुढाऱ्यांनी वळलेल्या नळीवरच पेनानं सदऱ्याचं चित्र काढलं. भाभी त्यांना म्हणाल्या, "साहेब, ये बाजू उलटी है." मी माईक बंद केला, कधी केला ते आठवत नाही, आणि वाद घालायला लागलो की माझ्या मंडपाच्या छतांना लावतात तसली दाबली की चिकटणारी कापडी पट्टी बसवली तर ओढलं की उघडेल. महादेवीनं मला वेड्यात काढलं. मग तिनंच पट्टी मागितली. अण्णा म्हणाले, "पुढची बैठक माझ्या आडतीवर घ्या. हमालांच्या अंगावर मापं घ्या, हितं बसून काय कळतंय?" कुणी हो म्हणालं, कुणी तारखेवरनं भांडायला लागलं.

आणि तेव्हा, पट्टी आणायला स्टेजमागं गेलो असताना, माझ्या लक्षात आलं की बराच वेळ झाला, कुणी तुमचं नाव घेतलेलं नाही. मी दचकलो. तुमच्याच शोकसभेत लोक तुम्हाला विसरले. मला आधी राग आला. मी स्टेजवर तुमच्या फोटोपाशी थांबलो. तुम्ही तिथं एकट्या होतात, हार घालून, आणि खाली इतकी माणसं एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून बसली होती, एकाचीही नजर वर नव्हती. मग तुमचं ते आजारपणातलं भय आठवलं आणि राग कुठल्या कुठं गेला. मला तुम्हाला तिथंच, भर सभेत, मोठ्यानं ओरडून सांगावंसं वाटलं. पण खालून महादेवी पट्टीसाठी हाका मारत होती.

तुमच्यावाचून चाललं, अक्का.